दहा गुंठे आणि शार्ङ्गधरांची नऊ द्रव्ये

आपल्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळांना बागेची हौस असते. दवाखान्याच्या दारात तुळस, कोरफड आणि अडुळसा नाही असा वैद्य विरळाच. त्यांतील काहींना पुढे वडिलोपार्जित रानाचा एखादा तुकडा खुणावू लागतो, आणि मग रविवार तिकडे जाऊ लागतात. आमचेही तसेच झाले. मिरज तालुक्यातील आमच्या रानातले दहा गुंठे २००९ साली भावाने आम्हांस "तुझ्या झाडपाल्यासाठी" म्हणून काढून दिले. त्या दहा गुंठ्यांत आम्ही काय कमावले आणि कोठे चुकलो, ते व्यवसायबंधूंपुढे आणि औषधनिर्मिती करणाऱ्या मित्रांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. चुकांपैकी एक अशी आहे की ती झाकून ठेवणे आमच्या व्यवसायधर्मात बसत नाही. तिच्याविषयी पुढे लिहिलेच आहे.

पहिल्या वर्षीची चूक हौशी माणसाची असते तशीच होती. रोपवाटिकेत गेलो आणि दिसेल ते उचलून आणले. बत्तीस प्रकारची झाडे लावली. सर्पगंधा आणली, पिंपळी आणली, वेखंड आणले, सफेद मुसळी आणली. मिरजेची काळी, चिकट जमीन, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिला यांतले बहुतेक मानवले नाही. वेखंडाला चिखल हवा तर मुसळीला निचरा, आणि पाणी देणारा माणूस एकच. दुसऱ्या उन्हाळ्याअखेर बत्तिसांपैकी अकरा उरली. बागेत फिरताना पाहुण्यांना नावे सांगायला बरे वाटे. परंतु दवाखान्यात त्यांतल्या एकाचाही उपयोग नियमाने होत नव्हता.

तेव्हा एका ज्येष्ठ वैद्यांनी आम्हांस साधा प्रश्न विचारला, "बाजारात चांगले मिळते ते तुम्ही का पिकवता?" उत्तर आमच्याजवळ नव्हते, ते शार्ङ्गधरसंहितेत होते, आणि पदवीच्या परीक्षेसाठी आपण सर्वांनीच ते पाठ केलेले असते. ओले द्रव्य घ्यावयाचे तर सुक्याच्या दुप्पट घ्यावे, असा सामान्य नियम सांगून शार्ङ्गधरांनी त्याला नऊ द्रव्यांचा अपवाद केला आहे. गुडूची, कुटज, वासा, कूष्माण्ड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा आणि प्रसारिणी ही नेहमी ओलीच वापरावीत आणि ओली म्हणून दुप्पट करू नयेत. आम्ही हा श्लोक मानपरिभाषेचा म्हणून पाठ केला होता. तोच लागवडीचा आराखडाही आहे, हे ध्यानात यायला रानात उतरावे लागले. जे सुकवून टिकते ते व्यापाऱ्याकडून पारखून घ्यावे. जे ओलेच हवे ते वैद्याच्या हाताशी असावे. २०११ पासून आमची बाग या यादीवर चालते. तीत भर फक्त निर्गुंडी, एरंड आणि रुईची, कारण पत्रपिंडस्वेदाला पाने रोज लागतात आणि ती बाजारातून आणणे हास्यास्पद आहे.

नऊंपैकी आमच्या मातीत सर्वांत सुखाने नांदला तो अडुळसा. पावसाच्या तोंडाशी पेन्सिलीहून थोड्या जाड, वीतभर फांद्या तिरप्या खोचल्या की शंभरातल्या ऐंशी तरी धरतात. शेळ्या-मेंढ्या तोंड लावत नाहीत, त्यामुळे अडुळसाच कुंपण होतो. त्याला वेगळे कुंपण लागत नाही. निर्गुंडीचेही तसेच. आम्ही पूर्वेला अडुळसा आणि पश्चिमेला निर्गुंडी अशी दुहेरी ओळ केली आहे. छाटणी वर्षातून दोनदा करावी, म्हणजे कोवळी पाने हाताच्या उंचीवर राहतात. अडुळशाच्या पानातून नुसते वाटून रस फारसा निघत नाही, हे सर्व जाणतातच, पुटपाकाने निघतो. दवाखान्यात रोज पुटपाक करणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी पाने दहा मिनिटे वाफवून पिळावीत. शास्त्राचा विधी तो नव्हे. पण काम भागते.

याच कुंपणाने आम्हांस एक धडा दिला. २०१६ च्या श्रावणात आमच्या कोहळ्याच्या वेलींचे शेंडे अचानक पिळवटले. नवी पाने अरुंद, शिरा जवळजवळ आलेल्या, देठ वाकडे. आम्हांला वाटले विषाणू. शेजारचे तात्या बांधावर आले, त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, ही रोगराई न्हाई. परवा आमच्या अडसालीला टू-फोर-डी मारलं, वारं तुमच्याकडं होतं." उसातले रुंद पानांचे तण मारण्यासाठी हे तणनाशक सर्रास वापरतात; वाऱ्यासवे त्याचे तुषार बऱ्याच अंतरावर जातात आणि वेलवर्गीय झाडांवर त्याचा परिणाम लगेच दिसतो. कोहळ्यावर दिसला म्हणून आम्हांस कळले. अडुळशाच्या पानांवर काहीच दिसत नव्हते, आणि त्याच आठवड्यात ती पाने आम्ही खोकल्याच्या रुग्णांसाठी तोडणार होतो. संहिताकार वारुळाजवळची, स्मशानातली, खारवट जमिनीतली द्रव्ये निषिद्ध ठरवतात. आज त्या यादीत शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा घालावयास हवा. त्या वर्षी आम्ही तीन महिने कुंपणाचे एकही पान दवाखान्यात नेले नाही. तात्यांशी भांडण केले नाही. त्यांचे घर उसावर चालते, आमचे दहा गुंठ्यांवर चालत नाही. तेव्हापासून फवारणीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन येतो, आणि त्यांच्या बाजूची दहा फुटांची पट्टी आम्ही फक्त आडोसा म्हणून ठेवतो. त्या पट्टीतले काहीही औषधात जात नाही. ज्यांच्या आसपास द्राक्षबागा आहेत त्यांनी तर पट्टी याहून रुंद ठेवावी.

शतावरीला काळ्या मातीत सपाट जागेवर लावणे म्हणजे मुळे कुजविणे. दीड फूट उंचीचे वरंबे करून त्यांत मुरूम आणि शेणखत मिसळले, तेव्हा कोठे ती बसली. दोन-दोन फुटांवर रोपे, वेलीला आधार, वर उसाच्या पाचटाचे आच्छादन. पाचटाने पाणी निम्म्यावर येते आणि तणही दबते, परंतु त्याखाली हुमणी आणि उंदीर दोन्ही जमतात, म्हणून महिन्यातून एकदा ते उचकून पाहावे. अठरा महिन्यांपूर्वी खणू नये. आम्ही दोन पावसाळे जाऊ देतो आणि वरंब्यांचे तीन भाग करून दरवर्षी एकच भाग खणतो, म्हणजे ओली शतावरी दर वर्षी मिळते आणि बाग उजाड होत नाही. साल ओली असतानाच काढावी, मधला दोरा ओढून टाकावा. ओल्या शतावरीचा कल्क घालून सिद्ध केलेले घृत आणि सुक्या चूर्णाचे घृत शेजारी ठेवून पाहावे. वास आणि चव यांतला फरक ज्याला कळणार नाही त्याने खुशाल चूर्ण वापरावे.

अश्वगंधेपुढे मात्र आम्ही हात टेकले. तिला हलकी, निचऱ्याची जमीन आणि मुळे भरण्याच्या काळात कोरडी हवा लागते. तीन वर्षे प्रयत्न केला. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराचे पाणी आमच्या रानापर्यंत आले नाही म्हणून देवाचे आभार मानले आणि सप्टेंबरमध्ये बी टाकले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या पावसाने अशी झोड उठवली की उपटलेल्या प्रत्येक झाडाचे मूळ काळे आणि बुळबुळीत निघाले. जेथे ती सहज येते तो मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमचचा पट्टा आहे; जवाहर असगंध-२० हे वाणही त्याच भागातील संशोधनातून आले. आता आम्ही नीमचच्या बाजारातून आलेले सुके मूळ पारखून घेतो. शार्ङ्गधरांनी ओली सांगितली आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. कुजलेली ओली घेण्यापेक्षा निकोप सुकी बरी, एवढीच आमची पळवाट.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. कोहळा ज्येष्ठात लावावा आणि फळावर राखेसारखी पांढरी भुकटी दाट येईपर्यंत तोडू नये. पिवळ्या फुलांची कोरांटी कोठेही येते. शेपूचे बी कार्तिकात टाकावे; निम्मी शेपू भाजीत जाते, त्याचे दुःख मानू नये. प्रसारिणी दोनदा लावली आणि दोन्ही वेळा उन्हाळ्याने नेली. कुटजाची तीन झाडे आहेत. त्यांची साल आम्ही अजून काढलेली नाही, आणि जाड खोडाची तर काढणारही नाही. परंतु शेंगांतले बी उपयोगी पडते. बाजारातून आलेल्या इंद्रयवाचा दाणा आणि आमच्या झाडाचा दाणा असे दोन्ही दाताखाली धरावेत. पांढऱ्या कुड्याचे बी कडू असते. काळ्या कुड्याचे तसे कडू नसते, आणि तेच गोडे इंद्रजव कडव्यात मिसळून येते. औषधनिर्मिती करणाऱ्या आमच्या एका मित्रांनी गेल्या काही वर्षांत दोन पोती याच परीक्षेवर परत पाठविली. वैद्याच्या बागेचा कारखान्याला उपयोग असेल तर तो असा, मालाचा नव्हे. दहा गुंठ्यांतून कोणाची भट्टी पेटत नाही, आणि "आम्हांस अडुळसा पुरवाल का?" असे विचारणाऱ्यांना आम्ही नकारच देतो. स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध बनवून देणाऱ्या वैद्यास उत्तम निर्मिती पद्धतीच्या 'टी' परिशिष्टातून सूट आहे. विक्री सुरू झाली की ती सूट संपते, हे अनेकांच्या लक्षात नसते.

आता गुळवेलीविषयी.

आमच्या रानाच्या बांधावर जुना कडुनिंब आहे आणि त्यावर पूर्वीपासूनच गुळवेल होती. ती पुरेशी होती. तरीही २०१२ साली एका रोपवाटिकेतून "अमृता" म्हणून आणखी एक रोप आणले आणि विहिरीजवळच्या शेवग्यावर चढविले. ते भराभर वाढले. दोन्हींची पाने हृदयाकार, दोन्हींना लोंबती मुळे, दोन्ही कडू. छिन्नरुहा हे नाव दोघींनाही लागू पडे, कारण कापून फेकलेला तुकडाही जगत असे. आडवा छेद घेतला तर चक्रासारखी रचना दोन्हींत दिसे, म्हणून चक्रलक्षणिका या नावानेही आम्ही स्वस्थ झालो. नवीन वेलीचे खोड जुने होता होता त्यावर उंचवटे दिसू लागले. ती वातरंध्रे असावीत असे आम्ही गृहीत धरले. निंबावरच्या वेलीवरही बारीक वातरंध्रे होतीच. तुलना करण्यासाठी चाळीस पावले चालावी लागली असती. आम्ही ती चाललो नाही.

२०२० साली टाळेबंदी आली. काढ्याची लाट आली. प्रत्येक रुग्णाला गुळवेल हवी होती. निंबावरची वेल उंच होती, शेवग्यावरची हाताशी होती. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आम्ही विहिरीजवळच्या वेलीच्या फांद्या कापून लोकांना घरी लावण्यासाठी दिल्या. कोणतेही शुल्क घेतले नाही, आणि त्याचे आम्हांस समाधानही वाटत होते.

२०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यावर आयुष मंत्रालयाने खुलासा केला, आणि गुडूचीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जाती चुकून वापरली जाण्याचा धोका निदर्शनास आणला. दोन्हींतील भेदही प्रसिद्ध झाले. खरी गुडूची, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, हिचे खोड हिरवट असते, त्यावर वातरंध्रे असतात पण चामखिळीसारख्या गाठी नसतात, कापल्यावर दुधासारखा स्राव येत नाही, फुलाला सहा पाकळ्या असतात आणि फळ वाटाण्यासारखे गोल व लाल असते. दुसरीचे खोड करडे, ठळक गाठींचे; स्राव दुधट, पाकळ्या तीन, फळ लांबट आणि नारिंगी. तो मजकूर हातात घेऊन आम्ही विहिरीजवळ गेलो. खोडावर अंगठा फिरवला. मग चाळीस पावले चालून निंबाकडे गेलो आणि तेथेही अंगठा फिरवला. ओळखपरेड तेवढ्यातच संपली. तरीही खात्रीसाठी दोन्हींचे फुलोऱ्यासह नमुने दाबून, सुकवून एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दिले. तेथूनही तेच उत्तर आले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. जाती चुकली म्हणूनच इजा झाली, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. २०२२ साली देशातील तेरा केंद्रांनी मिळून अशा त्रेचाळीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांकडून मिळालेले जे नमुने तपासता आले ते कॉर्डिफोलियाचेच निघाले, आणि पुष्कळ रुग्णांत आत्मप्रतिरक्षाजन्य यकृतविकाराची लक्षणे आढळली. त्या अभ्यासातील कार्यकारणभावाविषयी मतभेद आहेत आणि असतील. परंतु घरोघरी महिनोन्महिने, मात्रेवाचून आणि वैद्यावाचून काढा पिण्याची पद्धत शास्त्रात कोठेही सांगितलेली नाही, याविषयी मतभेद नसावा. आता खरी गुडूची देतानाही आम्ही पूर्वीचा कावीळ वा यकृतविकार, अवटु ग्रंथीचे विकार आणि कुटुंबातील अशा व्याधी यांची विचारणा करतो आणि मुदत लिहून देतो.

फांद्या किती जणांना दिल्या हे आम्हांस सांगता आले, याचे श्रेय एका शंभर पानी वहीला आहे. बागेतून काय, किती, कोणत्या दिवशी तोडले आणि कोणाला दिले, हे लिहिण्याची सवय आम्ही तणनाशकाच्या प्रसंगानंतर लावून घेतली होती. वहीत एकतीस नावे निघाली. चोवीस जण सापडले. सतरा घरी वेल जगली होती. ती आम्ही स्वतः मुळासकट उपटली आणि तुकडे गोळा करून जाळले, कारण टाकून दिली तर ती पुन्हा रुजते. तिघे तिचा काढा रोज घेत होते. त्यांच्या यकृताच्या तपासण्या आमच्या खर्चाने करवून घेतल्या. तिन्ही प्रकृतिमानात आल्या. एका आजींनी मात्र वेल उपटू दिली नाही. "तुम्हीच दिली, तुम्हीच अमृत म्हणालात, आता तुम्हीच काढताय?" असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या खेपेस आम्ही निंबावरची फांदी घेऊन गेलो, दोन्ही खोडांवरून त्यांचा हात फिरवला, तेव्हा त्या तयार झाल्या.

ज्यांना बाग सुरू करावयाची आहे त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन परवानगीवाचून विकत घेता येत नाही. तेव्हा हौसेपायी आधी पैसे देऊन बसू नये. जमीन नसेल तर अडले नाही. अडुळसा, गुळवेल, कोरांटी, शेपू आणि दोन फूट खोल पिंपात शतावरी, एवढे दवाखान्याच्या मागच्या अंगणात होते. रोप कोठूनही आणा, पण फुलाफळावर येईपर्यंत ते औषधात वापरू नका, आणि फुलल्यावर वनस्पतिशास्त्राच्या माणसाला दाखवा. जवळच्या महाविद्यालयात असे एखादे प्राध्यापक असतातच, आणि कोणी विचारायला आले याचा त्यांना आनंद होतो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागाचे केंद्र पुणे विद्यापीठात आहे, तेथेही विचारणा करता येते. झाडाला कागदी चिठ्ठी बांधू नका, एका पावसात जाते. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने नाव, आणल्याची तारीख आणि कोठून आणले ते कोरावे. एकाच जातीची दोन ठिकाणांहून आणलेली रोपे शेजारी शेजारी लावावीत, चाळीस पावलांवर नव्हे.

वेळ किती लागतो, असे सर्व विचारतात. ठिबक असेल तर आठवड्यातून एक सकाळ, पावसाळ्यात दोन. मजुराला तण आणि औषध यांतला फरक शिकविण्यास मात्र दोन वर्षे लागतात. आमच्या गड्याने पहिल्या वर्षी पुनर्नवा स्वच्छ खुरपून काढली होती आणि "रान कसं लख्ख केलंय" म्हणून चहा मागितला होता. चहा दिला. तणच ते, त्याच्या दृष्टीने.

एकतिसांपैकी सात नावे राहिली होती. काहींनी गाव सोडले, काहींचे दूरध्वनी बदलले. त्यांतली एक वेल गेल्या पावसाळ्यात आम्हांस सांगली रस्त्यावरच्या एका घराच्या कुंपणावर अचानक दिसली. गाठी रस्त्यावरूनही ओळखू आल्या. घरमालकांनी ती काढू दिली. परंतु तिच्या फांद्या त्यांनी आधीच दोन नातेवाइकांना दिल्या होत्या. त्यांचे पत्ते वहीत उतरवून घेतले आहेत. एक तासगावचा आहे, एक जयसिंगपूरचा. जयसिंगपूरला जाऊन आलो. तासगावला येत्या रविवारी जावयाचे आहे.